दुसऱ्या वर्गाचा दाखला

दाखला अजून भिंतीवर आहे, काचेखाली,
बॉयलर अटेंडंट, दुसरा वर्ग,
मिशीसकट माझा फोटो.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत
दहा टनांचं जनावर राखलं,
त्याला कधी ठसका लागू दिला नाही.
आणि मंगळवारी रात्री
घरच्या बंबाचं धुराडं पेटलं.

आधी वाटलं, विमान फार खालून चाललंय.
मग पाहिलं : गच्चीकडे चढलेला पाइप
बाकापाशी लाल,
आत कुणीतरी घोरतंय.
डोक्याला कळायच्या आत हातांना कळलं.
खालचं दार लावलं, फटीत राख दाबली,
वरून ओलं गोणपाट. हवा तोडली.
पाणी नाही मारलं.
तापल्या लोखंडावर पाणी मारणारा एक जण
माझ्या पाळीत होता.
होता.

पाइप टिकटिकत काळा पडला.
समोरच्या गॅलरीतला भाडेकरू
भरलेली बादली घेऊन तसाच उभा,
जरासा हिरमुसलेला.

सकाळी जोड सोडवले.
हातोडीनं वाजवलं तर टण्ण नाही, भद्द.
चार इंची पाइपात दीड इंच उरलेलं भोक,
बाकी सगळं ते,
कुठे भुसभुशीत, कुठे गुळाच्या पाकासारखं चिकट,
आणि बाकापाशी काचेसारखं, काळं, चकाकणारं,
ज्यावर ब्रश नुसता घसरतो.
वास भाजलेल्या सुक्या बोंबलाचा.
बनियन टाकून द्यावं लागलं.

मथुरेला मी कंपनीच्या भाषेत सुनावलं.
ओलं लाकूड धुमसतं, जळत नाही.
बंबाच्या पोटाला पाणी, भिंत गार,
न जळलेला धूर तिथं घाम होऊन बसतो,
घामावर घाम, त्याचं डांबर.
आणि तू वर राख लोटून
विस्तव झोपवतेस. कशाला?

ती तांदूळ निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पोर रातची दीडला येते,
गार पान्यानं न्हायाचं का तिनं?"

प्रणोती. आमची सून.
ऐरोलीच्या इस्पितळात, दुसरी पाळी.
कुणाकुणाचं काय काय अंगावर घेऊन येते,
आधी मोरीत जाते, मग बोलते.
मला वाटायचं, तळवलीत पाणी
आपोआप कोमट राहतं.

म्हणजे पाइपात साचलं होतं ते हे :
महापालिकेनं छाटलेला गुलमोहर, हिरवाच,
कंपनीमागून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या,
सासऱ्यांच्या होडीचं शेवटचं फळकूट,
आणि आठ ते दीड, रोज,
मंद ठेवलेली एक वाट.

मी काही बोललो नाही.
साखळीला काथ्याचा गोळा बांधला,
गच्चीवरून सोडला, ओढला, सोडला.
काचेचं तेवढं पटाशीनं, कपच्या कपच्यांनी.
दोन पत्र्याचे डबे भरले.
बाक मात्र नवाच आणला, कळव्याहून,
जुना वाचवण्यात अर्थ नव्हता.

गुलमोहर जिन्याखाली आडवा रचलाय,
पुढल्या दिवाळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही
असं खडूनं लिहिलंय.
मथुरा त्यावर मिरच्या वाळवते.

आता पावणेएकचा गजर माझा.
करकरीत सुकी बाभूळ, मनगटाएवढ्या चार फाटी,
दार सताड उघडं.
आग छोटी, पण तोंडावर बोलणारी.
वर जाऊन धुराड्याकडे बघतो :
धूर जवळजवळ नाहीच,
नुसती हवा थरथरते,
तिच्या पलीकडचा कारखान्याचा लाल दिवा वाकडा दिसतो.

पंचवीस मिनिटांत पाणी कढत.
लाकडं संपलेली, राख पांढरी.
गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळते,
मीटर पाडल्याचा आवाज येतो.
मी बादली नळाखाली सरकवतो
आणि झोपल्याचं सोंग घ्यायला आत जातो.